मंगळ ते शनी, व्हाया इंदूर

अजून सातशे वर्षांनी मंगळावरून शनीकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाला इंदूरला उतरून गाडी बदलावी लागणार आहे. हे मी म्हणत नाही, आमचे बाबा म्हणायचे, आणि एकदा नव्हे, ओळीने एकतीस वर्षं म्हणायचे.

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाचा एक हस्तलिखित वार्षिक अंक निघतो. छापणं परवडत नव्हतं तेव्हा तो सुरू झाला, आणि परवडायला लागलं तोवर सगळ्यांना हाताने लिहिण्याचाच अभिमान जडला होता. प्रत एकच. दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी हॉलमध्ये अंकातलं निवडक वाचून दाखवतात. मग तो तीन-तीन दिवस घरोघरी फिरतो आणि चहाचे डाग घेऊन लायब्ररीच्या कपाटात परततो. बाबांची विज्ञानकथा या अंकात दर वर्षी एक भाग अशी चालायची. सुरुवातीला तीन भागांत संपवतो म्हणाले होते.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाबू होते. तेव्हा इंदूरला छोटी लाइन आणि बडी लाइन, म्हणजे मीटरगेज आणि ब्रॉडगेज, अशा दोन्ही होत्या. एका लाइनीच्या डब्यातून आलेला माल उतरवायचा, मोजायचा, पावती फाडायची आणि दुसऱ्या लाइनीच्या डब्यात चढवायचा, यात बाबांचं आयुष्य गेलं. त्यामुळे त्यांच्या विश्वातही नऊ ग्रहांमधल्या वाटा दोन मापांच्या होत्या. आतल्या ग्रहांकडे अरुंद वाट, बाहेरच्या ग्रहांकडे रुंद, आणि दोन्ही जिथे भेटतात ते एकमेव ठिकाण इंदूर. दिल्ली-मुंबईचा त्या विश्वात उल्लेखसुद्धा नव्हता. कुणीतरी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "असतील. गाडी थांबत नाही तिथे."

मी तेव्हा फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होते आणि माझी मान खाली जायची. "बाबा, अंतराळात रूळ नसतात."

"मग काय असतं?"

"काही नसतं. पोकळी असते."

"मग त्या पोकळीची रुंदी नसते होय?" बाबा म्हणायचे आणि पान उलटायचे. एवढ्या वर्षांत याचं धड उत्तर मला देता आलेलं नाही. आता मी बारावीच्या मुलांना हाच विषय शिकवते.

लोकांना मात्र ते इंदूर पटलं होतं. इतकं, की ते त्यात जागा मागायला यायचे. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीत वशिला चालतो, मग भविष्यकाळ तरी का सुटावा? चौथ्या भागानंतर परदेशीपुऱ्यातले एक फिटर काका आले. मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण हाताला तेलाचा वास तसाच. म्हणाले, "बाबूजी, एवढी यानं उतरून राहिली इंदूरला, पण बिगडतात कुठे? रिपेरिंग कोण करतो? परदेशीपुरा नाहीच का तुमच्यात?" पाचव्या भागात परदेशीपुऱ्यात यानांचं वर्कशॉप निघालं आणि गुरूवरचे इंजिनिअर तिथे शिकाऊ म्हणून येऊ लागले. आम्ही मल्हारगंजात राहायचो. तिथल्या व्यापाऱ्यांना बाबांनी वजनाचं खातं दिलं. पृथ्वीवरचं एक किलो गुरूवर अडीच किलो भरतं, तेव्हा नऊ ग्रहांच्या मालाचं खरं वजन मल्हारगंजातच ठरायचं. शास्त्र म्हणून बघाल तर एकतीस भागांत एवढी एकच गोष्ट बरोबर होती, आणि तीही बाबांना आमच्या वाण्यावरून सुचली होती.

या सगळ्यात काही न मागणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे आई.

आईने खरं तर जागा मागायला हवी होती, कारण अख्खी कथा तिच्या हातची होती. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते जुन्या पार्सल फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर खरडायचे आणि आई त्याची स्वच्छ प्रत करायची. आईचं अक्षर मोत्यासारखं, असं लोक म्हणतात. मी तर म्हणेन मोती थोडे कमीच गोल असतात. नवरात्र सुरू झालं की दुपारचं आवरून ती शाई आणि टाक घेऊन बसायची. "आणा तुमच्या थापा इकडे," एवढंच म्हणायची. शेवटचं पान दसऱ्याला पुरं व्हायचं आणि गठ्ठा थेट बाइंडिंगला जायचा. बाबांना स्वतःचं लिखाण दुसऱ्यांदा वाचायचा भारी कंटाळा. संपादक फक्त पानं मोजायचे. म्हणजे ती प्रत हॉलमध्ये वाचली जाईपर्यंत आईशिवाय कुणीच पाहिलेली नसायची.

बाबांचा एक नियम होता, तो इथेच सांगून टाकते. पार्सल ऑफिसात एक जरी नग डिलिव्हरीविना पडून असेल, तर ऑफिसला कुलूप लावायचं नाही. सरकारी नियम खरंच असा होता की बाबांनी केला होता, देव जाणे. पण तो घरीही लागू होता. जेवताना ताटलीत शेवटची पुरी उरली की बाबा कुणाला उठू द्यायचे नाहीत. "एक नग शिल्लक आहे. ऑफिस बंद होणार नाही. डिलिव्हरी कोण घेतंय? या, सही करा." आम्ही हातावर बोटाने खोटी सही करायचो आणि पुरी खायचो. बहुतेक वेळा ती आईलाच खावी लागायची.

बाबा गेले त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. एकतिसावा भाग वाचला आणि त्या माघात गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, वगैरे सगळं लोक म्हणतात ते खरं आहे. त्याने काही फरक पडत नाही.

पण जाताना त्यांनी एक घोळ करून ठेवला. एकतिसाव्या भागाच्या शेवटी ग्रहांच्या परिषदेत ठराव पास होतो की सगळ्या वाटा एकाच मापाच्या करायच्या. म्हणजे इंदूरला कुणाला उतरायचं कारणच उरणार नाही. खरीखुरी छोटी लाइन उखडली गेली ते त्यांच्या मनाला लागलं होतं, त्याचा हा सूड असावा. हॉलमध्ये हाय-हाय झालं. बाबा मिस्कील हसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ते नव्हते. मंडळाने श्रद्धांजली म्हणून अंकात दोन पानं कोरी सोडली.

या वर्षी सेक्रेटरी काका घरी आले. "ताई, कोऱ्या पानांनी काम नाही चालणार. लोक रस्त्यात थांबवून विचारतात, इंदूरचं काय झालं. शेवटचा भाग तुम्ही लिहा, काकूंनी उतरवून द्यावा. बात खतम."

मी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

गोष्ट अशी की बाबा गेल्यापासून आईने एक अक्षर लिहिलं नव्हतं. किराण्याची यादी मला तोंडी सांगायची. दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडणंसुद्धा बंद. फॅमिली पेन्शनच्या कामाला आम्ही बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या मुलीने फॉर्म पुढे केला आणि 'मृत कर्मचारी की पत्नी' असं छापलं होतं त्याखाली बोट ठेवलं. आई म्हणाली, "शाईचं पॅड आहे का?" आणि अंगठा लावला. जिच्या अक्षरासाठी लोक लग्नपत्रिकांचे लिफाफे घेऊन यायचे, तिने अंगठा लावला. ती मुलगी म्हणाली, "कोई बात नहीं अम्माजी, मेरी दादी भी नहीं लिखतीं." मला त्या मुलीचा राग आला, आईचा आला, आणि घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. डॉक्टरांनी हात तपासला. हाताला काहीच झालेलं नव्हतं, पंच्याहत्तरीला असतो तेवढाच कंप. ते म्हणाले, लिहायला लावा, नाही तर हात खरंच विसरेल.

तेव्हा इंदूरचं काय व्हायचं ते होवो, मला आईच्या हातात टाक पाहिजे होता.

मी लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात इंदूरने परिषदेविरुद्ध खटला भरला आणि जिंकला. आईला वाचून दाखवला. "बरा आहे," ती म्हणाली. "तूच कंप्युटरवर चांगला लिही." दुसऱ्या मसुद्यात मी तिसऱ्याच मापाची वाट शोधून काढली, आणि त्यात फिजिक्सही बरंच घातलं. तो ऐकता ऐकता आईने मोबाइल उघडला आणि तिची मालिका लावली. मी म्हटलं, "आई, मी इंदूर वाचवून राहिले आहे आणि तू हे काय बघतेस?" ती म्हणाली, "वाचलं ना? मग झालं तर."

तिसऱ्यांदा लिहिण्याआधी मला एक तपशील पाहायचा होता, शुक्राची गाडी इंदूरला कितव्या फलाटावर लागते. बाबांच्या वाचकांना हे तोंडपाठ असतं आणि चूक झाली तर ते घरी येतात. म्हणून मी लायब्ररीतून एकतीसही अंक रिक्षात घालून आणले आणि पेटीतून बाबांचे कच्चे कागद काढले.

सातव्या भागाच्या कच्च्या कागदावर बाबांनी लिहिलं होतं, 'धूमकेतू इंदूरवर आदळला. काही उरलं नाही.' खाली दोन रेघा. समाप्त.

मी दोनदा वाचलं. मग सातवा अंक उघडला. तिथे आईच्या गोल अक्षरात होतं, 'धूमकेतू इंदूरवर येत होता, पण देपालपूरपाशी वळला आणि निघून गेला. लोक चहा प्यायला परत घरात गेले.'

आणि मला तो रविवार आठवला. बाबा स्टेजवर वाचत होते आणि धूमकेतूपाशी एकदम थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, आणि पुढे वाचलं. मला वाटलं होतं काचेवर धूळ असेल. पुढच्याच आठवड्यात देपालपूरहून एक गुरुजी बस पकडून घरी आले होते. "बाबूजी, पूरा आसमान पडलाय, मग धूमकेतू आमच्याच गावावरून का काढला? हमने क्या बिगाड़ा है?" बाबांनी गोंधळून आईकडे पाहिलं. आई चहात साखर ढवळत होती, जरा जास्तच वेळ. नुकसानभरपाई म्हणून आठव्या भागात देपालपूरला थांबा मिळाला आणि शनीचा सगळा गहू तिथून जाऊ लागला.

मी त्या दुपारी स्वयंपाक केला नाही. एकेक भाग लावून बघत बसले. बाबांनी इंदूर एकूण पाच वेळा संपवलं होतं. धूमकेतूने, पुराने, साथीने, एकदा यंत्रमानवांच्या बंडाने, एकदा नुसतंच कंटाळून. आणि प्रत्येक वेळी आईने उतरवून घेताना ते वाचवलं होतं. तिच्या युक्त्या अगदी साध्या. पूर आला तर लोक गच्चीवर जातात. साथ आली तर काढा निघतो. यंत्रमानव बंड करतात, मग त्यांना भूक लागते. यंत्रमानवांना भूक कशी लागेल, हे एकतीस वर्षांत एकाही वाचकाने विचारलं नाही.

बाबांना हे कळत होतं का? अकराव्या भागाच्या कच्च्या कागदावर, पुराखाली, समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आता बघू काय करतेस.' पुढच्या प्रत्येक नाशाखाली तेच. आता बघू. आईने कशालाच समासात उत्तर दिलं नव्हतं. उत्तर अंकात होतं. दोघं या विषयावर एक शब्दही बोलल्याचं मला आठवत नाही, आणि एकाच घरात, मधे एक पातळ भिंत असताना, मला याचा पत्ता नव्हता. मला हसू आलं आणि थोडा मत्सरही वाटला. माझा नवरा चांगला आहे, पण त्याने माझ्यासाठी अजून एकही शहर बुडवलेलं नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दोन्ही वेळा इंदूर वाचवून मोकळी झाले होते. आईसाठी कामच ठेवलं नव्हतं.

तिसरा मसुदा मी एका बैठकीत लिहिला आणि मनात दुष्टपणा भरून लिहिला. सगळ्या वाटा एका मापाच्या झाल्या. यानं इंदूरवरून सरळ निघून जाऊ लागली, कुणी खाली बघेना. परदेशीपुऱ्याचं वर्कशॉप बंद. मल्हारगंजातले तराजू भंगारात. देपालपूरच्या थांब्यावर गवत. शेवटी परिषदेचा माणूस कुलूप घेऊन आला आणि त्याने पार्सल ऑफिसला ते लावलं. इंदूर संपलं. खाली दोन रेघा.

समासात काही लिहावं असं फार मनात आलं. पण ती जागा माझी नव्हती.

जेवणं झाल्यावर कागद आईपुढे ठेवले. "हा फायनल आहे. रविवारी वाचायचाय. सेक्रेटरी काका म्हणतात हाताने लिहिलेलाच घेऊ, नाही तर त्यांच्याकडे एक पेंटर आहे, तो दुकानांच्या पाट्या लिहितो."

आईने चष्मा लावला. वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचलं. "कुलूप लावलं?"

"लावलं."

"असं कसं लावलं?"

"आई, विज्ञान आहे ते. वाटा एक झाल्या की स्टेशनची गरज नाही. सिंपल."

"जळलं तुझं विज्ञान," आई म्हणाली आणि कागद उशीखाली ठेवून दिले.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती म्हणाली, "शाई वाळून गेली आहे. आणून ठेव. निळी नको, काळी." मी गेटमधूनच परत फिरले. काळी शाई मिळवायला चार दुकानं हिंडले, कारण आता ती कुणी ठेवत नाही. चौथ्या दुकानदाराने विचारलं, "क्या करोगी दीदी, इस जमाने में?" त्याला काय सांगणार होते? म्हटलं, "भिया, इंदूर का काम है."

दसऱ्याला दुपारी गठ्ठा तयार होता. वर जुनं वर्तमानपत्र, त्यावर दोऱ्याची गाठ. मी न उघडता बाइंडिंगला दिला. मोह झाला नाही असं नाही, पण घराण्याचा रिवाज म्हणून काही असतं.

रविवारी हॉल भरला होता. फिटर काका काठी टेकत आले होते. देपालपूरचे गुरुजी पुढच्या रांगेत. आई तिसऱ्या रांगेत, नेसलेल्या साडीची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसलेली. मी वाचायला उभी राहिले. अक्षर थरथरत होतं. मोती थोडे वाकडे झाले होते, पण आईचेच होते. वर्कशॉप बंद, तराजू भंगारात, थांब्यावर गवत. तिने माझा एकही शब्द बदलला नव्हता. लोक चुळबुळ करायला लागले. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बस पकडून त्यांची माफी मागायला जावंसं वाटलं. मग मी पान उलटलं.

'परिषदेचा माणूस कुलूप घेऊन आला. पण पार्सल ऑफिसात एक नग शिल्लक होता. पार्सलबाबू जाताना तो आपल्या बायकोच्या नावाने ठेवून गेला होता. आत काय आहे, कुणाला ठाऊक नाही. ती रोज दुपारी येते. पार्सल जागेवर आहे ना, बघते. परिषदेचा माणूस वही पुढे करतो आणि म्हणतो, बाई, इथे सही करा, म्हणजे मला कुलूप लावता येईल. ती म्हणते, आज नको. आणि घरी जाते. म्हणून इंदूर सुरू आहे.'

मी थांबले. चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला. तिसऱ्या रांगेतून आई हातानेच खुणावत होती, वाच, वाच पुढे. पण पुढे काही नव्हतं. खाली दोन रेघाही तिने मारल्या नव्हत्या.

 गुरुजी उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे आमचा देपालपूरचा थांबा राहिला ना?"

"राहिला, गुरुजी," आई जागेवरूनच म्हणाली. "बसा."